एकाच रेघेची दोन घरं

कोणी खोल खड्डा खणायला घेतला की आजूबाजूची घरं जागची हलतात का, यावर नजर ठेवणं हे माझं काम. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, त्याच्या मागोमाग मी सांगलीहून इथं आले आणि सात-आठ महिने घरी काढल्यावर मला ही नोकरी लागली. कंपनी लहान, माणसं दहा-बारा. ऑफिस एस्प्लनेडला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पण मी तिथं कमीच असायची. मला दिलेली साइट बेहाला नावाच्या भागातल्या एका गल्लीत होती आणि आमचं भाड्याचं घरही बेहालातच. त्यामुळे रोज सकाळी डबा घेऊन मी चालत कामावर जायची.

गल्ली अरुंद, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागायचं. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, काहींच्या तळमजल्यावर दुकान नाहीतर छोटा कारखाना. त्यातलं एक मोठं जुनं घर पाडून तिथं सहा मजली इमारत उठायची होती आणि तिच्या पोटात गाड्यांसाठी दोन मजली तळघर. इथली माती मऊ, गाळाची. थोडं खणलं की पाणी लागतं. अशा जमिनीत मोठा खड्डा घेतला तर शेजारची घरं खड्ड्याच्या बाजूला किंचित खाली बसू शकतात. बहुतेक वेळा एखाददोन मिलिमीटर, राहणाऱ्याला कळणारही नाही इतकं. पण मोजत राहावं लागतं.

आमची मोजायची रीत साधी होती. प्रत्येक घराच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, स्टीलची एक खुंटी बसवलेली. आमचे सर्व्हेअर रोज सकाळी गल्लीत तिपाई मांडून लेव्हलच्या दुर्बिणीतून प्रत्येक खुंटीची उंची बघायचे, आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि मी तो लिहून घ्यायची. साठीला टेकलेले, मितभाषी बंगाली गृहस्थ. मी त्यांना दादा म्हणायची आणि ते मला मॅडम म्हणायचे. दर शनिवारी त्या आकड्यांचा मी ग्राफ काढायची. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर मिलिमीटर, आणि प्रत्येक घराची एक रेघ. रेघ शून्यावर सपाट राहिली म्हणजे घर जागच्या जागी आहे, खाली उतरली म्हणजे घर बसतंय.

हा ग्राफ साइटच्या पत्र्याच्या फाटकावर चिकटवायचा, ही अट तिथल्या क्लबानं घातली होती. इथं आळीला पाडा म्हणतात आणि प्रत्येक पाड्याचा एक क्लब असतो. पूजेच्या मांडवापासून रक्तदानापर्यंत सगळं तिथं ठरतं. बांधकामाला विरोध करण्याऐवजी क्लबानं एवढंच सांगितलं की, आमच्या घरांचं काय होतंय ते दर आठवड्याला आम्हाला दिसलं पाहिजे. मला ती मागणी रास्त वाटली होती.

पहिले दोन महिने फक्त खड्ड्याला लागून असलेली सात घरं मोजायची होती, एक ते सात नंबर. मी आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि ते आपणहून प्रत्येक रेघेला रंग द्यायचं. निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी, करडा. मी त्यातला एकही रंग निवडला नव्हता. ग्राफच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट यायची आणि तिच्यात कुठला रंग कुठल्या घराचा ते लिहिलेलं असायचं. दिसायला छान दिसायचं सगळं.

मग गल्लीच्या पलीकडच्या बाजूचे लोक क्लबात म्हणाले, आमचीही घरं मोजा. आठ ते चौदा, अशी आणखी सात घरं आली. मी आकड्यांचे सात रकाने वाढवले आणि ग्राफ काढला. सॉफ्टवेअरकडे रंग सातच होते. आठव्या घरापासून त्यानं पुन्हा निळ्यापासून सुरुवात केली. एक नंबर निळा, आठ नंबरही निळा. तीन नंबर हिरवा, दहा नंबरही हिरवा. रेघांची जाडी सारखी, कशावरही ठिपका नाही, चौकोन नाही.

हे माझ्या लक्षात आलं होतं. इथं ते लिहून टाकते, कारण पुढं सगळ्यांना मी सांगितलं की लक्षात आलं नव्हतं. शनिवारी दुपारी तो पहिला चौदा घरांचा ग्राफ प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मी तो हातात धरून क्षणभर थांबले होते. कॉलेजात आम्ही असे आलेख हातानं काढायचो. एका रेघेवर गोल, दुसरीवर चौकोन, तिसरीवर त्रिकोण, एखादी तुटक. झेरॉक्स काढली तरी कुठली कुठली ते कळलं पाहिजे, म्हणून आमच्या मास्तरांनी एकदा माझा कागद परतही केला होता. ते सगळं मला येत होतं. पण मग मनात आलं, चौकटीत नंबर लिहिलेले आहेतच, शिवाय बहुतेक सगळ्या रेघा शून्यालाच चिकटून आहेत. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि फाटकावर लावला.

दहा नंबरच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या आसपास वय, लग्न केलेलं नव्हतं. पाड्यातले लोक त्यांना दिदीमणी म्हणायचे, म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. मी माशीमा म्हणायची, म्हणजे मावशी. त्या माझ्याशी शुद्ध, जरा पुस्तकी हिंदी बोलायच्या आणि मधूनच मला बंगाली येतं असं गृहीत धरून बंगालीवर जायच्या. दर शनिवारी संध्याकाळी त्या छत्री आणि एक फूटपट्टी घेऊन फाटकाशी यायच्या, चष्मा कपाळावर सरकवून ग्राफजवळ तोंड न्यायच्या आणि पट्टी लावून काहीतरी बघायच्या. साइटच्या केबिनमधून मला ते दिसायचं. माझा ग्राफ कोणीतरी इतक्या मन लावून वाचतंय याचा मला आनंद व्हायचा. एकदा मी ते घरी कौतुकानं सांगितलंही.

तीन नंबर म्हणजे एका लेथवाल्याचा कारखाना. खाली मशिन, वर बिऱ्हाड. मालक पन्नाशीचा, जाडजूड, हात कायम तेलानं काळे, पंपांचे दांडे आणि तसले सुटे भाग करून द्यायचा. खड्ड्याचा त्याच्याकडचा कोपरा खणायला घेतला तसं त्याचं घर हळूहळू बसायला लागलं. पहिल्या आठवड्यात एक मिलिमीटर, मग दोन, मग साडेतीन. सातव्या आठवड्यापर्यंत सहा. घाबरायची मर्यादा दहा ठरली होती, त्यामुळे गडबड झाली नाही. आमचे सल्लागार आकड्यांचं कोष्टक बघायचे, ग्राफ नाही. त्यांना तीन नंबरचं माहीत होतं आणि त्यांनी त्या कोपऱ्यात लोखंडी आधार वाढवायला सांगितलंही होतं. लेथवाल्याला मात्र कोणी काही बोललं नव्हतं. ग्राफ लावलेला होता, तोच त्याला सांगत असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या आठवड्यांतच दहा नंबरमधून कुंड्या बाहेर पडायला लागल्या. सायकलला फळी जोडलेली गाडी असते इथं, तिला व्हॅन म्हणतात. त्या व्हॅनवर एका वेळी सहा-सात कुंड्या रचलेल्या असायच्या. जास्वंद, कामिनी, मोगरा, गंधराज लिंबाची दोन झाडं, आणि एकदा तर अर्ध्या पिंपात लावलेला आंबा, दोघांनी उचलून ठेवलेला. व्हॅनला वाट द्यायला मी तिपाई बाजूला घेतली तेव्हा लिंबाच्या पानांचा वास अंगावर आला. मी दादांना म्हटलं, गच्ची दुरुस्त करून घेत असतील. माशीमा दारात उभ्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

सातव्या शनिवारनंतर एका सकाळी आम्ही त्यांच्या भिंतीवरची खुंटी वाचत होतो. त्या आतून आल्या, दादांचं वाचन संपेपर्यंत थांबल्या, आणि मग मला विचारलं, "थांबलं का आता?"

मला कळेना. मी विचारलं, काय थांबलं?

"घर."

मी म्हटलं, माशीमा, तुमचं घर हललेलंच नाही. त्या हसल्या. डॉक्टरनं खोटा धीर दिला की पेशंट हसतो, तशा. मग आत जाऊन त्यांनी एक वही आणली. तिच्यात दर शनिवारची तारीख होती आणि तारखेपुढं, फूटपट्टीनं ग्राफवर मोजून, प्रमाण लावून काढलेला आकडा. एक, दोन, साडेतीन, चार, साडेचार, साडेपाच, सहा. आकडे अगदी बरोबर होते. ते मला पाठ होते, कारण ते तीन नंबरचे होते.

मी तिथंच पायरीवर बसले. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते. पहिल्यांदा रेघ खाली उतरताना दिसली तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून लोक घाबरतील आणि भाचे त्यांना उचलून दुसरीकडे नेतील. त्यांनी स्वतःच विचार केला. घर बसतंय, तर घरावरचं ओझं कमी करायला हवं. गच्चीवर एकतीस कुंड्या होत्या. ओल्या मातीचं वजन किती असतं ते त्यांना माहीत होतं. त्या त्यांनी वाटून टाकल्या, बहुतेक आपल्या जुन्या शाळेला, काही क्लबाला. गच्चीवरची पाण्याची टाकी त्या अर्धीच भरायला लागल्या. आंघोळीला एक बादलीसुद्धा पुरी घेत नव्हत्या. वरच्या खोलीतली नकाशांची जाड पुस्तकं एकेक करून खाली आणली आणि स्वतःही खालच्या बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्या. सात आठवडे. कुंड्या गेल्यावरही रेघ उतरतच राहिली, म्हणून त्या आता मला विचारायला आल्या होत्या.

मी त्यांना फाटकाशी घेऊन गेले आणि ग्राफवर बोट ठेवून दाखवलं. ही खाली गेलेली हिरवी तीन नंबरची, आणि ही वर सपाट, बाकीच्यांत गुंतलेली हिरवी तुमची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. चौकट बघितली, रेघा बघितल्या, पुन्हा चौकट बघितली. तेवढ्यात गल्लीतून एक मासेवाला ओरडत येऊन निघूनही गेला.

"सहावीच्या मुलींना मी एकतीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "की नकाशात एका खुणेचा एकच अर्थ असतो. तुम्ही तर इंजिनिअर आहात."

मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी मान हलवली. त्यांनी ते खरं मानलं की नाही, मला आजही माहीत नाही. मग त्यांनी जे विचारलं ते तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तीन नंबरवाला काय समजून बसलाय?"

मी तशीच तीन नंबरकडे गेले. दादा तिपाई गुंडाळून माझ्या मागून आले. कारखान्यात आत, मागच्या भिंतीला लागून, म्हणजे बरोबर खड्ड्याकडच्या भिंतीला लागून, नवा काँक्रीटचा चौथरा घातलेला होता. त्यातून चार बोल्ट वर आलेले. लेथवाल्यानं खुशीत सांगितलं की दुसरी मशिन घेतलीय, जुनी पण मजबूत, परवा येतेय. मी विचारलं, घर मोजतोय त्याचा ग्राफ तुम्ही बघता ना? हो तर, दर आठवड्याला बघतो, माझी रेघ एकदम सरळ आहे, म्हणून तर मशिन घेतली. आणि ती खाली गेलेली हिरवी? ती पलीकडच्या दिदीमणींची, बिचाऱ्या कुंड्या वाटत सुटल्यात, आम्ही सगळे बघतोच आहोत.

दोघांनी एकच चौकट वाचली होती. एकीनं खालची रेघ घेतली, एकानं वरची.

मी त्याला सरळ सांगितलं की खालची रेघ तुमची आहे. त्यानं विचारलं, किती? मी म्हटलं, सहा मिलिमीटर. दहाच्या आत धोका नाही, खड्ड्यात आधार वाढवलेत, पण ही मशिन या भिंतीशी नको. तो उठून भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर पंजा ठेवून उभा राहिला. वर कोणाची तरी पावलं वाजत होती. त्यानं विचारलं, मुलं वर झोपतात त्या खोलीचं काय? दादांनी त्याला बंगालीत समजावून सांगितलं, शांतपणे, भिंत कशी बसते आणि कुठं आधी चीर दिसेल ते. त्यांचं ऐकून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता.

"रोज सकाळी माझ्या दारात उभ्या असता तुम्ही. हे तोंडानं का नाही सांगितलं?"

मी माफी मागितली. त्यानं हात पुसले आणि मशिनवाल्याला फोन लावला.

दुपारी मी एस्प्लनेडला गेले. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले की चौकटीत नंबर होते, तेव्हा चूक अशी म्हणता येणार नाही, आणि निर्णय तर कोष्टकावरून होतात, ते बरोबरच होतं. ग्राफ बदला, पण क्लबाला पत्रबित्र लिहू नका. मी पत्र लिहिलं नाही. पण माशीमांनी मला निरोप पाठवला होता की रविवारी सकाळी क्लबात या, आणि तिथं मी दादांना घेऊन गेले. पंधरा-वीस माणसं होती, कॅरमचा खेळ थांबवून बसलेली. मी माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं की एका रंगाची दोन-दोन घरं झाली होती, तशी मी ठेवली, चूक माझी आहे. माझ्या लक्षात आलं नाही, हेही पुन्हा म्हटलं. लोकांनी चहा दिला. आठ नंबरचे एक आजोबा उठून फाटकाकडे चालू लागले, आपली निळी नक्की कुठली ते बघायला.

परत येताना दादा म्हणाले, मलाही दिसलं होतं, मॅडम. मला वाटलं तुम्ही विचार करूनच तसं ठेवलं असेल. मी त्यांना म्हटलं, दिसलं होतं मलाही. आजवर हे मी त्यांनाच एकट्यांना सांगितलंय.

त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी नवा ग्राफ करायला बसले. नवरा म्हणाला, चौदा वेगळे रंग दे, झालं. तसं करून बघितलं. पण दोन पावलं मागं गेलं की जांभळा, वांगी आणि गडद निळा एकच दिसायला लागले, आणि फाटकावरचा कागद उन्हात आठवडाभरात किती विटतो ते मला माहीत होतं. रंगांवर भरवसाच ठेवायचा नाही असं ठरवून मी सगळं काळ्यात केलं. खड्ड्याच्या बाजूची सात घरं अखंड रेघेत, पलीकडची सात तुटक रेघेत. मग एकेकीला खूण. पोकळ गोल, भरीव गोल, चौकोन, त्रिकोण, उलटा त्रिकोण, फुली, शंकरपाळ्याचा आकार. रोजच्या आकड्यावर खूण टाकली तर त्या एकमेकींत घुसून रेघेचा सुरवंट व्हायला लागला, म्हणून आठवड्यातून एकच खूण ठेवली, आणि एका बाजूच्या सात घरांचे सात वार वेगळे, म्हणजे शून्याजवळ गर्दी असली तरी खुणा फारशा एकमेकींवर बसणार नाहीत. संध्याकाळ झाली तरी मी तेच करत होते. नवऱ्यानं खिचडी टाकली.

सोमवारी सकाळी मी तो कागद फाटकावर लावायच्या आधी माशीमांकडे नेला. त्यांनी मला आत बोलावलं नाही, दारातच उभं राहून बघितला. हाताच्या अंतरावर धरून बघितला, मग चष्मा काढून बघितला. आपली रेघ त्यांना सापडली. मला वाटलं झालं. पण त्यांनी कोपऱ्यातल्या चौकटीवर नख आपटलं आणि विचारलं, ही अजून कशाला ठेवलीय? माणसानं रेघ बघायची, मग चौकटीत जायचं, परत रेघेकडे यायचं, एवढ्यात चुकतो माणूस.

"नदीचं नाव नदीवरच लिहितात," त्या म्हणाल्या.

मी घरी जाऊन चौकट काढून टाकली आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिच्या घराचा नंबर लिहिला. शून्याजवळ तेरा घरांचे नंबर एकमेकांवर चढत होते, ते हातानं सरकवून, बारीक दोरा ओढल्यासारखी रेष टोकापर्यंत नेऊन बसवावे लागले. सॉफ्टवेअर यातलं काहीच आपणहून करत नव्हतं. पुढं दर शनिवारी माझे तीन तास त्यात जायचे. साहेबांनी एकदा विचारलं, एवढा वेळ कशाला, आणि मग विचारायचं सोडून दिलं.

तीन नंबरचं ठीक झालं. त्या कोपऱ्यातलं खणणं काही दिवस थांबवून आणखी आधार दिले. घर आठ मिलिमीटरवर येऊन थांबलं आणि नंतर हललं नाही. वरच्या खोलीच्या खिडकीखाली केसाएवढी चीर पडली, ती बिल्डरनं भरून, रंगवून दिली. दुसरी लेथ रस्त्याच्या बाजूला बसली. मागच्या चौथऱ्यावर लेथवाल्यानं पाण्याचं पिंप ठेवलंय. माझ्याशी तो बोलतो, नीट बोलतो. आता सकाळी आम्ही तिपाई लावली की स्वतःच बाहेर येऊन विचारतो, आज किती? आणि मी तोंडानं सांगते.

माशीमांच्या कुंड्यांचं काय करावं ते मला सुचेना. मी म्हटलं, मी व्हॅन ठरवते, आपण परत आणू. त्या नको म्हणाल्या, मग पुन्हा म्हटल्यावर एका बुधवारी माझ्याबरोबर त्या शाळेत यायला तयार झाल्या. ऑटोनं दहा मिनिटांची वाट. शाळेच्या लांब व्हरांड्यात कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलं होतं, कुठल्या वर्गानं पाणी घालायचं त्याचं. मुख्याध्यापिका त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या लगेच म्हणाल्या, दिदीमणी, हव्या तेवढ्या घेऊन जा. माशीमा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. दोन-तीन कुंड्यांतली माती त्यांनी बोटानं उकरून बघितली. आंब्याचं पिंप टोकाला होतं, आंबा वाळून गेला होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली पाण्याचे मग घेऊन धावत आल्या, तशा त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

परत येताना ऑटोत मी पुन्हा व्हॅनचं काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता ती झाडं मुलींची झाली. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत, आणि काही हरकत नाही असंही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुंटी वाचत होतो तेव्हा त्यांच्या गच्चीवरून, टाकी भरून वाहते तसा, पाणी पडल्याचा आवाज आला आणि दादा दुर्बिणीतून डोळा न काढता हसले.

आता तळघर पुरं झालंय. इमारत चौथ्या मजल्यावर आहे, घरं हलायची थांबलीत, आणि मोजणी रोजच्याऐवजी महिन्यातून दोनदा होते. मला दुसरी साइट मिळालीय, पण शनिवारी मी इथं येतेच. गेल्या महिन्यात माशीमांनी मला पहिल्यांदा गच्चीवर नेलं. कुंड्या होत्या तिथं सिमेंटवर गोल गोल डाग राहिलेत. अकरा वाजत आले होते आणि सगळी गच्ची समोरच्या नव्या इमारतीच्या सावलीत होती. गंधराजला सकाळचं ऊन लागतं, त्या म्हणाल्या, इथं आता ती झाडं तशीही जगली नसती. मी काही बोलणार तोच त्यांनी पुढं सांगितलं की हे मी तुमचं मन राखायला सांगत नाहीये, आहे ते सांगतेय.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे सावलीत काय लावतात? मी जरा ऐटीत अळूचं सांगितलं. पानं कशी असतात, आम्ही बेसन लावून, गुंडाळी करून त्याच्या वड्या कशा करतो, ते हातवारे करून समजावलं. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी मला गच्चीच्या कठड्याशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. क्लबाच्या मागं, गटाराच्या कडेला, कमरेएवढं अळू माजलं होतं.

"कोचू," त्या म्हणाल्या. "तसलं वाहत्या गटाराजवळचं नको. बाजारातून कंद आणा, मी माती मागवते."

कंद मी गेल्या शनिवारी आणले. सहाच आणले होते, त्यांना ते कमी वाटले.